फुटबॉल मॅनेजर: विहीर एक, वाफे दहा

माझा भाचा अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं लॅपटॉपवर फुटबॉल मॅनेजर टाकला, इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीतला एक गरीब क्लब निवडला, आणि मेमधल्या एका दुपारी, बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना, मला भुसावळला फोन केला. "मामा, लागोपाठ साहा मॅच हारनू. आते कोनती फॉर्मेशन लावू?"

मी म्हटलं, "कोणतीही लाव." त्याला राग आला. त्याला वाटलं मामा टाळतोय. टाळत नव्हतो, पण फोनवर समजावता येण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे लिहून काढतोय. त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखे जे कुणी इंटरनेटवर 'बेस्ट टॅक्टिक' शोधत रात्री जागवतात त्यांच्यासाठी.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांना आधी थोडं सांगतो. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. बाकीच्या फुटबॉल गेममध्ये बटणं दाबून खेळाडू पळवता येतो. इथे तुम्ही मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, पगार किती द्यायचा, आठवडाभर सराव कसला करायचा, शनिवारी कोणते अकरा जण उतरवायचे आणि त्यांनी कसं खेळायचं, हे सगळं तुम्ही ठरवता. शिट्टी वाजली की रेषेबाहेर उभं राहून बघत बसायचं. मधून ओरडता येतं, बदली खेळाडू आणता येतो, बस. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्लिश भावांनी घरच्या घरी रचलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ मध्ये बाजारात आला. पुढे प्रकाशक कंपनीशी फारकत झाली. जुनं नाव कंपनीकडे राहिलं आणि खेळाचा गाभा या भावांच्या स्टुडिओकडे. २००४ पासून तोच खेळ सेगा कंपनीतर्फे 'फुटबॉल मॅनेजर' या नावानं येऊ लागला. सुरुवातीला सामना म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या ओळी असत. २००३ मध्ये हिरव्या पट्टीवर पळणारे गोल ठिपके आले, आणि थ्रीडी माणसं दिसायला २००९ ची आवृत्ती उजाडली. मी ओळींच्या जमान्यातला. इथल्याच एका सायबर कॅफेत खेळायचो. अख्खा सीझन खेळून कप जिंकायच्या बेतात यावं आणि लोडशेडिंगची वेळ व्हावी, हे दुःख आजच्या पोरांना लॅपटॉपच्या बॅटरीमुळे कळणार नाही.

आता फॉर्मेशन. ४-३-३ म्हणजे गोलकीपर सोडून मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. लग्नाच्या पंगतीत कोण कुठल्या पाटावर बसलं, एवढंच हा आकडा सांगतो. जेवण सुरू झाल्यावर वाढायला कोण उठतं, मठ्ठ्यासाठी कोण हाका मारतं आणि शेवटपर्यंत कोण जागचं हलत नाही, ते त्यात नाही. ते ठरतं रोलवरून, म्हणजे त्या जागेवरच्या माणसाला दिलेल्या कामावरून.

एकच जागा घेऊ: पुढच्या तिघांतला डावीकडचा. त्याला साधा 'विंगर' केलं तर तो रेषेला चिकटून पळेल आणि क्रॉस टाकेल, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू उडवेल. त्याच जागेवर उजव्या पायाचा पोरगा ठेवून त्याला 'इन्व्हर्टेड विंगर' केलं तर तो चेंडू घेऊन आत वळेल आणि उजव्या पायानं मारायला बघेल. दोन्ही चांगलंच. पण तो आत वळला की डावी कड मोकळी पडते. मग तिथून वर जायला लेफ्ट बॅक, म्हणजे मागच्या चौघांतला डावीकडचा, हवा. लेफ्ट बॅक वर गेला की त्याच्या पाठीमागची जागा उघडी. ती झाकायला मधल्या तिघांपैकी कुणीतरी खाली थांबायला हवा. म्हणजे एका माणसाचं काम बदललं की आणखी दोघांचं काम आपोआप बदलतं. जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक रोलला 'डिफेंड', 'सपोर्ट', 'अटॅक' अशी ड्युटी जोडलेली असायची. २०२६ च्या आवृत्तीत ती गेली, आणि त्याऐवजी चेंडू आपल्याकडे असताना एक रचना, नसताना दुसरी, असं वेगवेगळं लावता येतं. साधन बदललं तरी विचारायचा प्रश्न तोच राहतो: हा पुढे गेला तर मागे कोण?

भाच्याकडून स्क्रीनशॉट मागवला. दोन्ही विंगर आत वळणारे, दोन्ही बॅक वर धावणारे, आणि मधले तिघंही हल्ल्याला जाणारे. चेंडू हरवला की मागे दोन सेंटर बॅक, म्हणजे बचावातले मधले दोघं, आणि देव.

त्याच्या आजोबांच्या शेतात मी एकदा हिवाळ्यात रात्री पाणी भरायला गेलो होतो. ठिबक यायच्या आधीची गोष्ट. लाईट रात्री यायची, विहिरीला पाणी बेताचं, आणि गव्हाचे वाफे पुढे पसरलेले. आजोबांच्या हातात फावडं. या वाफ्याचं तोंड बुजव, त्याचं फोड. एका वाफ्यात पाणी तुंबवलं तर शेवटचा वाफा कोरडा राहणार, हे त्यांना अंधारातही दिसायचं. मला दिसत नव्हतं. मी सगळीच तोंडं फोडून ठेवली. पाणी कुठेच धड पोहोचलं नाही आणि आजोबांनी जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत.

फुटबॉल मॅनेजरमधल्या सूचनांचं अगदी तसंच आहे. मैदानावर गोलकीपर सोडून दहा माणसं आणि ९० मिनिटांचा दम, एवढंच तुमच्या विहिरीतलं पाणी. प्रत्येक सूचना एक वाफा भरते आणि दुसरा सुकवते. बचावाची फळी वर चढवली तर मैदान आखूड होतं, समोरच्याला ऑफसाईडमध्ये पकडता येतं, चेंडू लवकर परत मिळतो. किंमत: फळीच्या मागे तीस-चाळीस मीटर मोकळं रान. तिथे समोरचा स्ट्रायकर सुटला तर त्याच्याबरोबर पळू शकणारा सेंटर बॅक हवा. भाच्याच्या दोन्ही सेंटर बॅकचा वेग २० पैकी ७ आणि ८. प्रेसिंग, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून जाणं, वाढवलं तर समोरचा घाबरून चेंडू उडवतो, पण सत्तराव्या मिनिटाला आपलीच पोरं धापा टाकतात. टेम्पो, म्हणजे खेळाची गती, वाढवला तर पास चटकन द्यावा लागतो, आणि पाचव्या श्रेणीतल्या माणसाला चटकन पास दे म्हटलं की तो समोरच्याला देतो. रुंद खेळलात तर मधोमध विरळ, अरुंद खेळलात तर कडा मोकळ्या.

यात एक फसगत बहुतेक सगळ्यांची होते. सूचनांच्या वर 'मेंटॅलिटी' नावाची एक पट्टी असते, अति बचावात्मक ते अति आक्रमक अशा सात पायऱ्यांची. लोकांना ती संघाचा मूड वाटते. प्रत्यक्षात ती टेम्पो, रुंदी, फळीची उंची आणि पासमधली जोखीम हे सगळं एकदम वरखाली करते. तुम्ही मेंटॅलिटी आक्रमक ठेवून वर पुन्हा 'टेम्पो वाढवा', 'फळी वर न्या' अशा खुणा केल्या की ते दोनदा वाढतं. भाजीत तिखट घातलेलं असताना वरून ठेचा. आपल्या शेवभाजीला चालतं, डावपेचांना चालत नाही.

आणि समजा सगळं जमलं, तुम्ही जिंकायला लागलात, तर पुढच्या सीझनला नवीनच दुखणं. तुमच्या नावाचा दबदबा वाढतो आणि समोरचे संघ तुमच्यावर चालून येणं बंद करतात. दहा माणसं गोलसमोर लावून बसतात. काल ज्या मोकळ्या रानात तुम्ही पळत होतात ते रानच उरत नाही. टॅक्टिक खराब झाली, गेमनं ती ओळखून मोडली, असा कांगावा इथेच सुरू होतो. गेमनं काही मोडलेलं नसतं, समोरच्यानं जागा देणं बंद केलेलं असतं. अशा वेळी घाई कमी करून, दोन्ही कडा ताणून, चेंडू फिरवत बसावं लागतं. पळणाऱ्यापेक्षा बघणारा खेळाडू कामाला येतो.

हरलो म्हणजे डावपेच चुकले, असंही नसतं. २०२१ च्या आवृत्तीपासून गेममध्ये 'एक्सजी' दिसतो. प्रत्येक फटका ज्या ठिकाणाहून, ज्या परिस्थितीत मारला गेला तिथून गोल होण्याची शक्यता किती, त्याची बेरीज म्हणजे एक्सजी. पेनल्टी साधारण पाऊण धरतात, चार मारल्या तर तीन आत. लांबून उगाच मारलेल्या फटक्याला शंभरातले दोन-तीन. भाच्याच्या सहा पराभवांपैकी शेवटचा ०-१ असा होता, आणि त्यात त्याचा एक्सजी १.९, समोरच्याचा ०.४. ती मॅच तो चांगली खेळला होता. नेमकी त्याच मॅचनंतर त्यानं चिडून सगळं बदललं. आधीच्या पाचांत मात्र समोरच्याचे आकडे दर वेळी दोनच्या वर, आणि बहुतेक संधी फळीच्या मागून आलेल्या. तिथे बदलायला हवं होतं, तिथे तो थांबला.

इथवर डावपेच. आता माणसं. माझ्या मते खरा खेळ इथे सुरू होतो, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात.

खेळाडूचं पान उघडलं की ३५-३६ गुण दिसतात, प्रत्येक १ ते २० मध्ये. पासिंग, टॅकलिंग, वेग, उडी, हिंमत, एकाग्रता. नवीन माणूस सगळ्यांची मनातल्या मनात बेरीज करतो. बेरीज करू नका. सेंटर बॅकची ड्रिब्लिंग ४ आहे की १४, यानं काही बिघडत नाही. त्याची एकाग्रता ६ असेल तर ८८ व्या मिनिटाला कळतं. काम आधी ठरवा, त्या कामाला लागणारे पाच-सहा गुण बघा, बाकीच्यांकडे काणाडोळा करा. गुणांच्या मागे एक झाकलेला आकडाही असतो, २०० पैकी: आज हा केवढा आहे आणि जास्तीत जास्त केवढा होऊ शकतो. तो तुम्हाला कधीच दिसत नाही. कोचनं दिलेले तारे दिसतात. ते तारे तुमच्याच संघाच्या मानानं असतात आणि तुमच्याच कोचच्या नजरेनं. गरीब क्लबमधला पाच तारे म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. कोच बरा नसेल तर तेही नाही.

हे आकडे येतात कुठून? जगभर पसरलेले रिसर्चर आपापल्या क्लबचे सामने बघून ते भरतात. म्हणजे शेवटी ही माणसांची मतं आहेत, बरीच चांगली मतं. २००८ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबनं खेळाडू शोधायला हा डेटाबेस वापरण्याचा करार केला होता, यावरून दर्जा समजेल. पण मत चुकतंही. माझ्या ओळींच्या जमान्यात मिलवॉल क्लबचा चेर्नो साम्बा नावाचा पोरगा विकत घेतला की तो जगातला अव्वल स्ट्रायकर व्हायचा. खऱ्या मैदानावर त्याची कारकीर्द त्या उंचीच्या जवळपासही गेली नाही. कोवळ्या पोरांच्या बाबतीत आता गेमच सावध असतो. काहींची कमाल मर्यादा नक्की न लिहिता पट्ट्यात लिहिलेली असते, आणि तुम्ही नवीन डाव सुरू केला की त्या पट्ट्यातला कुठलातरी आकडा निघतो. म्हणून मित्राच्या डावात हिरा निघालेला पोरगा तुमच्याकडे खडा निघू शकतो. "पण व्हिडिओत तर..." असं मला कुणी म्हणू नये.

झाकलेल्या गोष्टी आणखी आहेत. सातत्य, मोठ्या सामन्यातली छाती, दुखापतीची सवय. आणि स्वभाव: किती शिस्तीचा, किती महत्त्वाकांक्षी, किती निष्ठावान, दडपणाखाली कसा. यांचे आकडे दिसत नाहीत. गेम फक्त 'प्रोफेशनल', 'कॅज्युअल', 'अँबिशियस' असा एखादा शब्द टाकतो आणि गप्प बसतो. त्या एका शब्दाकडे मी पासिंगच्या आकड्याआधी बघतो. शिस्तीचा पोरगा सरावात वाढतो, ऐदी पोरगा कितीही गुणी असला तरी तिथेच राहतो. वयानं मोठा, शिस्तीचा खेळाडू आणि दोन-तीन पोरं यांचा गट करून देता येतो, म्हणजे हळूहळू त्याचं वळण पोरांना लागतं. उलटंही लागतं, हे विसरू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. चौथ्या श्रेणीत होतो, टेबलात दुसरा, जानेवारी. आमचा कॅप्टन ३३ वर्षांचा, वेग ५, महिन्यातून दोन मॅच खेळायचा. एका क्लबनं त्याला चांगले पैसे देऊ केले. हिशेब सरळ होता, मी विकला. दुसऱ्याच दिवशी चार खेळाडू दारात: असं का केलंत? मी ताठ्यात उत्तर दिलं. आठवड्यात अर्ध्या संघाचं मनोधैर्य लाल. पुढच्या नऊ मॅचमध्ये एक विजय. डावपेच तेच, माणसंही तीच, एक सोडून.

२०१८ च्या आवृत्तीपासून ड्रेसिंग रूममधली उतरंड पडद्यावर दिसते. सगळ्यात वर दोन-तीन 'टीम लीडर', मग वजनदार मंडळी, मग बाकीचे. शिवाय गट असतात, एकाच भाषेचे, एकाच वेळी आलेले. वरचा माणूस नाराज झाला की त्याचा गट नाराज होतो. शेवटच्या पोराची कुरकुर ऐकायला मात्र कुणी येत नाही. क्रूर आहे, पण कुठल्याही ऑफिसात जाऊन बघा. माझा कॅप्टन मैदानावर शंभरातली दहा मिनिटं देत होता आणि ड्रेसिंग रूममध्ये उरलेली नव्वद. मी फक्त मैदानावरची मोजली.

शब्द देताना तर फार जपावं. करार करताना खेळाडू विचारतो, माझी जागा काय? 'स्टार', 'महत्त्वाचा', 'नेहमी खेळणारा', 'संघातला एक', अशी उतरण असते. वरची जागा कबूल केली की तो कमी पगारावरही राजी होतो, म्हणून हात सैल सुटतो. मग तीन जणांना 'नेहमी खेळवीन' म्हटलेलं आणि जागा दोन. तिसरा दोन महिने वाट बघतो आणि येऊन बसतो समोर. गेम प्रत्येक शब्द लिहून ठेवतो. शक्यतो एक पायरी खालचंच कबूल करावं आणि वरचं द्यावं. कौतुकही उधळू नये. दर मॅचनंतर "शाब्बास" ऐकणाऱ्याला दहाव्या शाब्बासकीचं काही वाटत नाही. हाफटाइमला २-० पुढे असताना चिडून बोललात तर काही पोरं बिथरतात, आणि काहींना नेमकं तेच हवं असतं. कुणाला काय हवंय ते त्या स्वभावाच्या एका शब्दात असतं, आणि बोलल्यानंतर प्रत्येकाचा चेहरा कसा झाला ते गेम दाखवतो. ते वाचायचं सोडून लोक बटण दाबून पुढे जातात.

थकव्याबद्दल मला वेगळं शिकावं लागलं नाही. वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. गाडी घेऊन आल्यावर ठरलेली विश्रांती झाल्याशिवाय पुढची ड्युटी नाही, आणि विश्रांती कापून पाठवलेल्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं यावर आमच्या क्वार्टरमध्ये गप्पा चालत. गेममध्ये खेळाडूपुढे एक हृदयाचं चिन्ह असतं, हिरवं म्हणजे ठीक. पण मॅचच्या दिवशी हिरवं दिसणारा माणूस महिन्याभरात नऊ मॅच खेळलेला असू शकतो. साचलेला थकवा वेगळा मोजला जातो, तो मेडिकल सेंटरच्या पानावर सापडतो, आणि मांडीचा स्नायू तिथूनच तुटतो. डिसेंबरमध्ये इंग्लंडात मॅचची रांग लागते. त्या आधीच्या आठवड्यांत सराव हलका करा आणि दोन-तीन जणांना बसवा, सुरळीत जिंकत असलात तरी.

पैशाचं थोडक्यात. खेळाडूची किंमत एकदाच जाते, पगार दर आठवड्याला जातो. आणि एकाचा पगार बाकीच्यांना कळतो. नवीन स्ट्रायकरला सगळ्यांच्या दुप्पट दिलंत की पुढच्या सहा महिन्यांत चार जण वाढ मागायला येणार. मी सगळ्यात वरच्या पगाराची एक मर्यादा ठरवतो आणि ती मोडत नाही. गेल्या पाच वर्षांत दोनदा मोडली, दोन्ही वेळा पस्तावलो.

भाच्याला एवढं सगळं पाठवलं नाही. तीनच गोष्टी सांगितल्या: राईट बॅक मागे थांबव, मधल्या एकाला बचावाच्या पुढ्यात बसव, फळी दोन पायऱ्या खाली आण. आणि पाच मॅच काही बदलू नकोस. काल रात्री फोन आला. सातवी मॅच १-१, आठवी १-०. आवाजात आनंद फारसा नव्हता. "मामा, गोलकीपर कॉन्ट्रॅक्ट मागी राहिना. नही दिधं तं जूनमां फुकट चालना जाई."

आकडा विचारला. सांगितला. मी म्हटलं, थांब, आधी तुझ्या दोन्ही सेंटर बॅकचे आणि कॅप्टनचे पगार वाचून दाखव.